ब्रॉयलर कोंबड्यांमधील श्वसनसंसर्ग

ब्रॉयलर कोंबड्यांमधील श्वसनसंसर्ग म्हणजे मांसोत्पादनासाठी व्यापारी तत्त्वावर पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या नाकपुड्या, श्वासनलिका, फुप्फुसे व वायुकोश यांना विषाणू, जीवाणू किंवा बुरशी यांच्यामुळे होणाऱ्या रोगांचा समूह होय. राणीखेत, सांसर्गिक ब्रॉंकायटिस, सांसर्गिक लॅरिंगोट्रॅकायटिस, पक्षी इन्फ्ल्यूएंझा, दीर्घकालीन श्वसनरोग, कोरायझा, कोलाय जीवाणूचा संसर्ग आणि ॲस्परजिलोसिस हे या समूहातील प्रमुख रोग आहेत. शिंका, घरघर, नाकाडोळ्यांतून स्राव आणि चोच उघडून श्वास घेणे ही त्यांची समान लक्षणे असल्यामुळे केवळ पाहून एक रोग दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे कठीण असते. शिवाय हे रोग प्रत्यक्ष शेडमध्ये एकेकटे क्वचितच आढळतात. बहुतेक वेळा एका जंतूने केलेल्या इजेवर दुसरा जंतू वाढतो आणि शेडमधील दूषित हवा या दोघांनाही साहाय्य करते. त्यामुळे या रोगांचे नियंत्रण औषधांपेक्षा लसीकरण, स्वच्छता व वायुवीजन यांवर अधिक अवलंबून असते.

श्वसनसंस्थेची रचना

पक्ष्यांची श्वसनसंस्था सस्तन प्राण्यांपेक्षा निराळी असते. कोंबडीला स्नायुमय मध्यपटल नसते. तिची फुप्फुसे आकाराने लहान व काहीशी ताठर असून बरगड्यांच्या आतील बाजूस घट्ट बसविलेली असतात, त्यामुळे ती फुगत किंवा आकसत नाहीत. हवा आत-बाहेर खेळविण्याचे काम फुप्फुसांना जोडलेले वायुकोश करतात. हे वायुकोश म्हणजे मान, छाती व पोट यांच्या पोकळीत पसरलेल्या अत्यंत पातळ भिंतींच्या पिशव्या होत. माणसाच्या फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांशी त्यांचे नामसाम्य असले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. वायुकोशांचे काही फाटे हाडांच्या पोकळीतही शिरलेले असतात.

या रचनेमुळे पक्ष्याला भरपूर प्राणवायू मिळतो. परंतु श्वासावाटे आलेला जंतू थेट पोटाच्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतो. वायुकोशांच्या भिंतींत रक्तवाहिन्या फारच थोड्या असतात. परिणामी तेथे शरीराच्या संरक्षक पेशी कमी पोहोचतात आणि रक्तातून येणारे औषधही पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. वायुकोशांचा दाह एकदा बळावल्यावर तो सहसा बरा होत नाही, याचे हे प्रमुख कारण आहे.

श्वासनलिकेच्या आतील बाजूस केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. त्या सतत हलत राहून चिकट द्रवात अडकलेली धूळ व जंतू घशाकडे ढकलतात. हे श्वसनमार्गाचे पहिले संरक्षण होय. श्वसनमार्गावर हल्ला करणारे अनेक विषाणू आणि शेडमधील अमोनिया वायू हे दोन्ही प्रथम याच संरक्षणावर आघात करतात.

कारक जंतू

विषाणू

राणीखेत रोग हा भारतातील कुक्कुटपालनाला दीर्घकाळ ग्रासणारा रोग आहे. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्याच्या साथी नोंदविल्या गेल्या. त्यावरून जगभर तो न्यूकॅसल रोग या नावाने ओळखला जातो. भारतात कुमाऊँच्या डोंगराळ भागातील राणीखेत येथे त्याची नोंद झाल्यामुळे येथे ते नाव रूढ झाले. महाराष्ट्रात त्याला मानमोडी असेही म्हणतात. आजारी पक्ष्याची मान पिळवटली जाते, त्यावरून हे नाव पडले. १९१८ सालच्या माणसांतील इन्फ्ल्यूएंझाच्या साथीलाही मराठीत मानमोडी म्हणत असत. मात्र या दोन रोगांचे विषाणू वेगवेगळे आहेत. राणीखेतचा विषाणू पॅरामिक्सोविषाणूंच्या कुलातील असून त्याचे सौम्य, मध्यम व तीव्र असे प्रकार आहेत. तीव्र प्रकारात धाप, हिरवट हगवण, पंख व पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसतात आणि लस न दिलेल्या कळपातील जवळजवळ सर्व पक्षी मरू शकतात.

सांसर्गिक ब्रॉंकायटिस हा रोग अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात प्रथम आढळला व १९३१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचा कारक विषाणू हा कोरोनाविषाणू असून तो फक्त पक्ष्यांमध्ये आढळतो. संसर्गानंतर १८ ते ३६ तासांतच लक्षणे दिसू लागतात आणि एकदोन दिवसांत संपूर्ण शेड शिंकू लागते. या विषाणूचे अनेक उपप्रकार असून एका उपप्रकाराविरुद्धची लस दुसऱ्यापासून पूर्ण संरक्षण देतेच असे नाही. काही उपप्रकार मूत्रपिंडांनाही इजा करतात. अशा वेळी पक्षी जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते व गादी ओली होते.

सांसर्गिक लॅरिंगोट्रॅकायटिस हा नागीण विषाणूंच्या कुलातील एका विषाणूमुळे होतो. त्यात पक्षी मान लांब करून, चोच उघडून, मोठ्या कष्टाने श्वास घेतो. खोकल्याबरोबर रक्तमिश्रित शेंबूड बाहेर पडतो व तो भिंतींवर किंवा शेजारच्या पक्ष्यांच्या पिसांवर उडालेला दिसतो. बरे झालेले पक्षीही पुढे दीर्घकाळ या विषाणूचे वाहक राहतात.

पक्षी इन्फ्ल्यूएंझा किंवा बर्ड फ्लू याचे दोन गट पडतात. एच९एन२ हा अल्प-रोगकारक प्रकार भारतातील कळपांत वारंवार आढळतो. एकट्याने तो सौम्य असला, तरी इतर जंतूंच्या जोडीने तो मोठे नुकसान करतो. एच५एन१ हा अति-रोगकारक प्रकार मात्र केवळ श्वसनसंस्थेपुरता मर्यादित न राहता सर्व शरीरात पसरतो. तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग दिसणे आणि एकाएकी मोठ्या संख्येने पक्षी मरणे ही त्याची लक्षणे होत. भारतातील त्याचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर येथे नोंदविला गेला.

जीवाणू

मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जीवाणूमुळे दीर्घकालीन श्वसनरोग होतो. व्यवसायात त्याला सीआरडी म्हणतात. या जीवाणूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवर परिणाम करणारी पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. बाधित मातृपक्ष्याकडून तो अंड्यावाटे पिलात उतरतो. म्हणजेच पिलू शेडमध्ये येण्यापूर्वीच बाधित असू शकते. एकट्या मायकोप्लाझ्माने फारशी मरतूक होत नाही; पण तो इतर रोगांना वाट मोकळी करून देतो.

एशेरिकिया कोलाय, अर्थात ई. कोलाय, हा जीवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही असतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो श्वासावाटे आत जातो. श्वासनलिकेचे संरक्षण शाबूत असेल, तर तो बाहेर टाकला जातो. ते आधीच मोडलेले असेल, तर तो वायुकोशांत व तेथून रक्तात पोहोचतो. मेलेल्या पक्ष्याचे हृदय व यकृत पांढरट-पिवळसर जाड थराने झाकलेले आढळणे, ही त्याची खूण आहे. ब्रॉयलरच्या श्वसनरोगात अखेरची मरतूक बहुधा याच जीवाणूमुळे होते.

कोरायझा हा ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनारम या जीवाणूमुळे होतो. चेहऱ्यावर, डोळ्यांखाली सूज आणि नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणे आहेत. तो अंड्यांसाठी पाळलेल्या, अधिक वयाच्या पक्ष्यांत जास्त आढळतो. परंतु निरनिराळ्या वयाचे पक्षी जवळजवळ ठेवल्यास ब्रॉयलरनाही होतो.

बुरशी

ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी ओलसर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बुरसलेले खाद्य यांवर वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे गेल्याने पहिल्या एकदोन आठवड्यांतील पिले आजारी पडतात. पिले चोच उघडून धापा टाकतात, पण इतर श्वसनरोगांतील घरघर सहसा ऐकू येत नाही. फुप्फुसांत व वायुकोशांत पिवळसर लहान गाठी आढळतात. कळपासाठी परिणामकारक असा उपचार नसल्याने गादीसाठी कोरडे व स्वच्छ तूस वापरणे हाच उपाय राहतो.

मिश्र संसर्ग

शेडमध्ये आढळणारा श्वसनरोग हा बहुधा एका साखळीचा परिणाम असतो. प्रथम एखादा विषाणू पक्ष्माभिका नष्ट करतो. हा विषाणू कधी कधी सौम्य, अगदी लसीतीलसुद्धा असू शकतो. पिलात आधीपासून असलेला मायकोप्लाझ्मा या संधीचा फायदा घेऊन वाढतो. त्यानंतर धुळीतील ई. कोलाय वायुकोशांत शिरतो. या तीन जंतूंपैकी एकेकट्याने जेवढी हानी झाली असती, त्यांच्या बेरजेपेक्षा एकत्रित हानी कितीतरी अधिक असते.

गंबोरो रोगाचाही येथे अप्रत्यक्ष सहभाग असतो. हा श्वसनरोग नव्हे. तो प्रतिकारशक्ती घडविणाऱ्या बर्सा या अवयवावर हल्ला करतो. कोवळ्या वयात गंबोरो होऊन गेलेल्या कळपात राणीखेतच्या लसीचा प्रभाव कमी पडतो व श्वसनसंसर्ग बळावतात. बुरशीयुक्त खाद्यातील अफ्लाटॉक्सिनमुळेही प्रतिकारशक्ती घटते.

शेडमधील हवा

कोंबड्यांच्या विष्ठेतील यूरिक आम्लाचे ओल्या गादीत जीवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो. त्याचे हवेतील प्रमाण दशलक्षामागे सुमारे २५ भागांच्या वर गेल्यास पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते, डोळे चुरचुरतात आणि वाढ खुंटते. रोज शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या नाकाला हा वास सवयीचा होतो, त्यामुळे त्याला तो जाणवेनासा होतो. शिवाय अमोनिया गादीतूनच निघत असल्याने उभ्या माणसापेक्षा जमिनीलगतच्या पक्ष्याला त्याचा त्रास अधिक होतो. म्हणून पक्ष्यांच्या उंचीवर बसून हवेचा अंदाज घ्यावा असे सुचविले जाते.

महाराष्ट्रातील बहुतेक शेड बाजूंनी उघड्या, जाळी लावलेल्या असून त्यांना गोणपाटाचे किंवा प्लॅस्टिकचे पडदे असतात. हिवाळ्यात पिलांना थंडी बाधू नये म्हणून रात्री पडदे पूर्ण बंद केले जातात. त्यामुळे ऊब राहते, पण अमोनिया, आर्द्रता आणि गॅसच्या किंवा कोळशाच्या शेगडीचा धूर आतच कोंडतो. थंडीच्या दिवसांत श्वसनरोग वाढण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पडदा खालच्या बाजूस पक्का करून वरून थोडा उघडा ठेवल्यास पक्ष्यांच्या अंगावर थेट वारा न येता दूषित हवा बाहेर पडते.

गादी कोरडी राखणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. मूठभर तूस दाबून सोडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला, तर ओलावा अधिक आहे असे समजतात; ते हलकेच विस्कटले, तर ओलावा योग्य मानतात. गळणारी पाण्याची भांडी, पावसाचा शिडकावा, पक्ष्यांची दाटी व गादी न उलथणे ही ओलाव्याची नेहमीची कारणे आहेत. उघड्या शेडमध्ये एका ब्रॉयलर पक्ष्यास साधारणतः १ चौरस फूट जागा दिली जाते.

लक्षणे

सुरुवातीस काही पक्षी शिंकतात, मान झटकतात व त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. रात्री शेड शांत असताना घरघर स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे दिवे मंद केल्यावर काही वेळ स्तब्ध उभे राहून ऐकणे ही रोग लवकर ओळखण्याची सोपी पद्धत समजली जाते. पुढे खाद्य कमी खाल्ले जाते, पक्षी पिसे फुलवून एका जागी बसतात, वजनवाढ मंदावते व मरतूक वाढते. खाद्य व पाणी यांच्या दैनंदिन वापरातील घट ही बरेचदा घरघरीच्याही आधी दिसणारी सूचना असते.

धाप लागणारा प्रत्येक पक्षी संसर्गग्रस्त नसतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते. जलद वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साचते, त्यातही श्वास जड होतो. लसीकरणानंतर तीन ते पाच दिवसांनी सौम्य शिंका येऊ शकतात व हवा चांगली असल्यास त्या आपोआप थांबतात.

निदान

रोगाचे निश्चित निदान शवविच्छेदन व प्रयोगशाळेतील तपासणी यांवर अवलंबून असते. त्यासाठी नुकतेच मेलेले व आजारी असे काही पक्षी पशुवैद्यकाकडे दिले जातात. घशातील स्रावाचे नमुने घेऊन पीसीआर तपासणीने विषाणू किंवा मायकोप्लाझ्मा ओळखला जातो. रक्तद्रवातील प्रतिपिंडांचे प्रमाण एलायझा व रक्तपेशी-समूहन-प्रतिबंध चाचणीने मोजतात. जीवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडते, याचीही तपासणी करता येते. अति-रोगकारक बर्ड फ्लूची शंका असल्यास शवविच्छेदन शेडवर करू नये. पशुसंवर्धन खात्यास त्वरित कळविणे आवश्यक असते. अशा नमुन्यांची निश्चिती भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

उपचार

विषाणुजन्य श्वसनरोगांवर कोंबड्यांसाठी व्यवहारात थेट औषध नाही. प्रतिजैविके केवळ मायकोप्लाझ्मा, ई. कोलाय यांसारख्या जीवाणूंवर परिणाम करतात. मायकोप्लाझ्मासाठी टायलोसिन, टियाम्युलिन यांसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून दिली जातात. खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही रक्ती हगवणीविरुद्धची औषधे असताना टियाम्युलिन दिल्यास विषबाधा होऊन पक्षी दगावतात. त्यामुळे खाद्यातील घटकांची माहिती घेतल्याशिवाय औषध सुरू करणे धोक्याचे ठरते.

आजारी पक्षी पाणीही कमी पिऊ लागतो. म्हणून ज्याला औषधाची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच पोटात ते सर्वांत कमी जाते. उपचाराच्या काळात वायुवीजन वाढविणे, ओली गादी काढून टाकणे व दाटी कमी करणे यांचा उपयोग औषधाइतकाच होतो. औषध बंद केल्यापासून पक्षी विक्रीस नेईपर्यंत ठरावीक दिवस जाऊ देणे बंधनकारक मानले जाते. त्यास वर्ज्यकाल म्हणतात. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत विक्रीस जात असल्याने अखेरच्या आठवड्यात रोग उद्भवल्यास वर्ज्यकाल पाळणे आणि पक्षी वाचविणे यांत संघर्ष निर्माण होतो.

प्रतिबंध

राणीखेतविरुद्ध पहिल्या आठवड्यात एफ, बी१ किंवा लासोटा या सौम्य विषाणूंची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात व तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाण्यातून पुन्हा मात्रा देतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरोची लस दिली जाते. मुक्तेश्वर येथील संशोधनातून निर्माण झालेली आर२बी ही मध्यम तीव्रतेची लस मोठ्या वयाच्या पक्ष्यांसाठी असल्याने अल्पायुषी ब्रॉयलरला तिचा उपयोग होत नाही. सांसर्गिक ब्रॉंकायटिसच्या लसी परिसरातील उपप्रकार पाहून निवडाव्या लागतात.

लस जिवंत विषाणूची असल्याने ती थंड साखळीत ठेवावी लागते. पाण्यात क्लोरीन असल्यास तिचा विषाणू मरतो. यासाठी लसीच्या दिवशी जंतुनाशक टाकलेले पाणी वापरत नाहीत व पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळतात. लस देऊनही रोग झाला, अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी लसीची ऊब, क्लोरीनयुक्त पाणी किंवा काही पक्ष्यांना मात्राच न मिळणे ही कारणे असतात. आजारी कळपाला लस दिल्यास रोग बळावू शकतो.

जैवसुरक्षेच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात :

- एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी ठेवणे व ते एकाच वेळी विकणे.
- दोन बॅचमध्ये शेड धुऊन, निर्जंतुक करून किमान दोन आठवडे रिकामी ठेवणे.
- मायकोप्लाझ्मामुक्त मातृकळपापासूनची पिले घेणे.
- शेडच्या दाराशी जंतुनाशकाचे पायस्नान व वेगळी पादत्राणे ठेवणे.
- गावठी कोंबड्या, कावळे, चिमण्या व उंदीर यांना शेडपासून दूर राखणे.
- पक्षी उचलणारी वाहने, खुराडी व खाद्याची पोती यांची स्वच्छता ठेवणे.
- मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता चुन्यासह खोल पुरणे किंवा जाळणे.

आर्थिक परिणाम

ब्रॉयलरचे आयुष्य इतके थोडे असते की आजारातून उठलेल्या पक्ष्याला गमावलेले वजन भरून काढण्यास वेळच उरत नाही. म्हणून नुकसान केवळ मरतुकीने मोजता येत नाही. वाचलेले पक्षीही अधिक खाद्य खाऊन कमी मांस देतात.

महाराष्ट्रात करार पद्धतीने ब्रॉयलर पाळण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर आहे. तीत सामान्यतः पिले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. शेड, वीज, पाणी, गादी व मजुरी शेतकऱ्याची असते. शेतकऱ्यास वजनाच्या हिशेबाने पालनखर्च मिळतो व तो मरतूक आणि खाद्याचे मांसात होणारे रूपांतर यांवर कमी-अधिक होतो. अशा व्यवस्थेत पिलाचा दर्जा शेतकऱ्याच्या हाती नसतो व शेडमधील हवा कंपनीच्या हाती नसते. श्वसनरोग मात्र या दोहोंच्या संयोगातून होतो. त्यामुळे जबाबदारी कोणाची, हा वाद वारंवार उद्भवतो.

मानवी आरोग्याशी संबंध

कोंबड्यांमधील सांसर्गिक ब्रॉंकायटिस व लॅरिंगोट्रॅकायटिस माणसाला होत नाहीत. राणीखेतच्या विषाणूमुळे लस देणाऱ्या किंवा पक्षी हाताळणाऱ्या व्यक्तींचे डोळे काही दिवस लाल होऊ शकतात. एच५एन१ व एच९एन२ हे विषाणू मात्र आजारी पक्ष्यांच्या निकट सहवासातून क्वचित माणसात येतात आणि एच५एन१चा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. अंडी व मांस ७० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण शिजविल्यास हे विषाणू नष्ट होतात.

अति-रोगकारक बर्ड फ्लूची निश्चिती झाल्यास बाधित क्षेत्रातील पक्षी शासनातर्फे नष्ट केले जातात व नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी पालकास भरपाई दिली जाते. रोग लपविण्याने भरपाईची शक्यता घटते, रोग इतर शेडमध्ये पोहोचतो आणि कामगार व त्यांचे कुटुंबीय धोक्यात येतात. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचित रोगाची माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक आहे.

प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापराने औषधांना न जुमानणारे जीवाणू निर्माण होतात व ते मांस, विष्ठा, पाणी आणि कामगारांचे हात यांवाटे माणसापर्यंत पोहोचू शकतात. माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. कोंबडीचा विषाणुजन्य आजार प्रतिजैविकाने बरा होत नसतानाही ते देत राहिल्यास पक्षी वाचत नाही, प्रतिरोधी जीवाणू मात्र वाढतात. कोरडी गादी, खेळती हवा आणि वेळेवर दिलेली लस यांमुळे या औषधांची गरजच कमी होते. म्हणून या उपायांचा संबंध शेतकऱ्याच्या नफ्याबरोबरच सार्वजनिक आरोग्याशीही आहे.